हायवे नव्हे, फ्राय-वे! पाटस ते इंदापूर, व्हाया बारामती

बारामती एमआयडीसीतून बाहेर पडणारं सगळ्यात फेमस अंडं कुठल्याच कोंबडीनं घातलेलं नाही, माहीत आहे का? त्या अंड्याचं नाव किंडर जॉय! फेरेरो या इटालियन कंपनीचा कारखाना इथंच आहे. देशभरातली पोरं किराणा दुकानात ज्याच्यासाठी हट्ट धरून बसतात, ते अंडं याच एमआयडीसीत तयार होतं. टिक टॅकच्या गोळ्याही इथल्याच.

बोनस फॅक्ट घ्या. याच अंड्याचा थोरला भाऊ किंडर सरप्राइज, त्याला अमेरिकेत विक्रीची बंदी! खाऊच्या पोटात खेळणं दडवायचं नाही, असा तिकडचा १९३८ चा कायदा. जॉयमध्ये अर्ध्या भागात खाऊ, अर्ध्या भागात खेळणं. म्हणून तो पास झाला.

चॉकलेटचं अंडं झालं. आता खरी कोंबडी! तीही कढईतून थेट ताटात.

रूट सोपा आहे. पुण्याहून सोलापूर हायवे धरा. लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत, चौफुला, पाटस. पाटसला हायवे सोडा आणि संत तुकाराम महाराज पालखी मार्गानं बारामती गाठा. तिथून काटेवाडी, भवानीनगर, बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूर. परत येताना भिगवण. मस्त गोल चक्कर, आणि गोलात जागोजागी तळणीचा वास.

उरुळी कांचनला मात्र फक्त ताक प्या. महात्मा गांधींनी १९४६ मध्ये इथं निसर्गोपचार आश्रम सुरू केला. इथला मेनू साधा, सात्त्विक. पोटाला आधी जरा विश्रांती द्या, पुढं त्याला ओव्हरटाइम आहे.

रस्त्याकडेला लांबलचक, जाळीच्या भिंतींची शेड दिसली? खिशातला मोबाइल काढून होकायंत्र लावा. शेडची लांबी बहुतेक वेळा पूर्व-पश्चिमच निघेल! कारण एकदम लॉजिकल. लांब बाजू उत्तर-दक्षिणेला ठेवल्या की दुपारचं ऊन थेट आत घुसत नाही. इथल्या उन्हाळ्यात कोंबडीला एसी नाही, पण आर्किटेक्ट आहे.

आणि हो, पोल्ट्रीवाल्याला ‘कोंबड्या किती?’ असं विचारू नका. तो म्हणतो ‘पक्षी’. पाच हजार पक्ष्यांची शेड, दहा हजार पक्ष्यांची बॅच. कंपनी पिल्लं, खाद्य आणि औषधं देते. शेतकऱ्याची शेड, वीज, पाणी आणि रात्रीची जाग. पक्षी तयार झाले की कंपनीची गाडी येते, त्याला म्हणायचं ‘लिफ्टिंग’. पैसे किलोच्या हिशोबानं. बारामतीजवळच्या पिंपळीची बारामती ॲग्रो ही याच पशुखाद्य-पोल्ट्रीच्या धंद्यातली मोठी कंपनी. साखर कारखाना मात्र तिचा इंदापूर तालुक्यात, शेटफळगढ्याला. म्हणजे तिखटाचीही सोय, गोडाचीही!

स्पीड बघा. अंड्यातून पिल्लू बाहेर यायला २१ दिवस. पिल्लाचा दोन किलोचा ब्रॉयलर व्हायला साधारण सहा आठवडे. शाळेची उन्हाळी सुट्टी संपेपर्यंत एक अख्खी बॅच शेडमधून बाहेर!

हा पक्षी खातो काय? त्याच्या खाद्यात निम्म्याहून जास्त वाटा मक्याचा, प्रोटीनसाठी सोयाबीनची पेंड. आता गंमत. हल्ली मक्यापासून इथेनॉलही बनतं आणि ते पेट्रोलमध्ये मिसळतं. एकाच मक्याच्या मागे दोन गिऱ्हाईकं लागली आहेत, कोंबडी आणि तुमच्या गाडीची टाकी. मक्याचा भाव चढला की प्लेटचा भावही चढतो. पेट्रोल पंपावर उभं राहून चिकनच्या महागाईचा विचार करायचा, असे दिवस आलेत.

महाराष्ट्रात कोंबड्या जास्त की माणसं? माणसंच जास्त, पण मार्जिन लक्षात ठेवा. २०१९ च्या पशुगणनेत राज्यात ७ कोटी ४३ लाख कुक्कुट मोजले गेले. देशात पहिला नंबर तमिळनाडूचा, १२ कोटींच्या वर.

आता पुणे आणि इंग्लिश फुटबॉल यांचं नातं सांगा पाहू. सुचत नाही? वेंकीज! डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये उभारलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीज या ग्रुपचं मुख्यालय पुण्यात. अंड्यांचा दर जाहीर करणारी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती १९८२ मध्ये स्थापन झाली, तीही राव यांच्याच पुढाकारानं. याच ग्रुपनं २०१० मध्ये इंग्लंडचा ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब विकत घेतला. क्लब १८७५ चा आणि १९९४-९५ चा प्रीमियर लीग चॅम्पियन! मग खेळाडू चिकन खातानाची जाहिरातही झळकली.

आणि क्लायमॅक्स? मे २०१२. विगनविरुद्धची मॅच. मालकांवर चिडलेल्या प्रेक्षकांनी क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली! खेळ थांबला, खेळाडू कोंबडीमागे. ब्लॅकबर्न ०-१ नं हरला आणि त्याच रात्री प्रीमियर लीगमधून खाली घसरला. प्रेक्षकांची तक्रार जगभर पोचली, ती कोंबडीच्या पंखांवर बसून.

चला, भूक लागली. बारामतीत शिरलोय.

इथं एक गोष्ट क्लिअर करू. अमेरिकन फ्राइड चिकन म्हणजे पिठात घोळवून तेलात सोडलेलं. आपल्याकडच्या ‘चिकन फ्राय’ला पिठाचा कोट लागतच नाही. गावरान कोंबडी दिवसभर उकिरडे उकरत हिंडलेली, तिचं मांस चिवट. तशीच तळली तर दाताचा डॉक्टर गाठावा लागेल! म्हणून आधी हळद, मीठ, आलं-लसूण लावून पाण्यात शिजवायची. ते पाणी म्हणजे आळणी. वाटीत घेऊन फुर्रकन प्यायचं, घसा आणि डोकं दोन्ही मोकळं. मग शिजलेले तुकडे लोखंडी कढईत तेलावर, वर कांदा-लसूण मसाला किंवा खर्डा. मसाला तुकड्याला चिकटून कडा काळपट होईपर्यंत परतायचं. उरलेल्या आळणीत भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण पडलं की झाला रस्सा. एकच कोंबडी, तीन डिश, वाया काही नाही. सोबत बाजरीची भाकरी आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. माझं मत विचाराल तर या अख्ख्या पट्ट्यात यापुढं दुसरं काहीच उभं राहत नाही. ज्या हॉटेलात ऑर्डर दिल्यावर ‘पाऊण तास लागेल’ असं सांगतात, तिथंच बसा. गावरान कोंबडीला घाई चालत नाही.

माहीत आहे का, कोंबडीचे पिवळे पाय आणि पिवळट कातडी यामागे आपला सह्याद्री आहे! जगातल्या पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज आग्नेय आशियातला लाल रानकोंबडा. पण पिवळ्या कातडीचं जनुक त्याच्याकडचं नाही. ते राखाडी रानकोंबड्याकडून आलं, असं २००८ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. हा राखाडी गडी फक्त भारतात सापडतो आणि सह्याद्रीच्या जंगलात आजही बांग देतो. म्हणजे दूरदेशीच्या पिवळ्या कोंबडीचाही एक नातेवाईक आपल्या घाटातला!

शॉर्ट ब्रेक. कोंबडीचं अंडं पांढरं निघेल की तपकिरी, हे अनेकदा तिच्या कानाच्या पाळीवरून ओळखता येतं. पांढरी पाळी, पांढरं अंडं. लाल पाळी, तपकिरी अंडं. अपवाद आहेत, पण पैज लावायला हरकत नाही.

आता एमआयडीसीकडं. वेस्पा स्कूटर दिसली? याच एमआयडीसीत पियाजिओचा कारखाना. आपे रिक्षा-टेम्पोनंतर २०१२ मध्ये वेस्पाचं उत्पादनही इथं सुरू झालं. बर्गरमधलं चीज आवडतं? मॅकडोनल्ड्सला चीज पुरवणारी श्रायबर डायनामिक्स डेअरी बारामतीचीच. संध्याकाळी शिफ्ट सुटली की खाण्याच्या गाड्यांभोवती युनिफॉर्म आणि गळ्यात आयकार्ड घातलेली गर्दी जमते. तिथलं राज्य लॉलीपॉपचं!

लॉलीपॉप म्हणजे पंखाचं मांस हाडावरून सोलून एका टोकाला गोळा करायचं. गणित करा. एका कोंबडीला दोन पंख, एका पंखातून फार तर दोन लॉलीपॉप. आठची प्लेट म्हणजे दोन कोंबड्यांचे सगळे पंख संपले! ग्रुपनं पाच प्लेट मागवल्या की दहा कोंबड्या जमिनीवर.

याच गाडीवरचं चिकन मंचुरियन चीनमधून आलेलं नाही, माहीत आहे का? कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग या शेफनं ते १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात बनवलं. मेड इन महाराष्ट्र!

कढईत तुकडा पडला की चर्रर्र होतं ना? तो आवाज तेल उकळल्याचा नाही! तेल १७०-१८० अंशांवर असतं, पण त्या तापमानाला ते उकळत नाही. तुकड्यातल्या पाण्याची वाफ होऊन ती बाहेर उसळते, तिचा तो दंगा. वाफ बाहेर ढकलते आहे तोवर तेल आत फारसं घुसत नाही. म्हणून तेल नीट तापलेलं हवं. थंड तेलात सोडलेला तुकडा तेल पितो, मग आपण ते पितो. वरचा खमंग तांबूस रंग आणि वास ही मायार रिॲक्शन, १९१२ मध्ये मायार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं तिचं वर्णन केलं. गाडी निवडताना एकच बघा, कढईतलं तेल. काळंभोर आणि फेसाळ दिसलं की पुढची गाडी.

लालभडक रंगावर भाळू नका. कबाबमध्ये कृत्रिम रंग टाकायला कर्नाटक सरकारनं जून २०२४ मध्ये बंदी घातली. ब्याडगी मिरची लावली तर रंग आपोआप येतो, डबीतून काढावा लागत नाही.

जगाची एक झटपट राउंड? केएफसीची पहिली फ्रँचाइझी केंटकीत नव्हती, १९५२ मध्ये ती युटाहमधल्या सॉल्ट लेक सिटीत निघाली. भारतात केएफसी पोचलं १९९५ मध्ये, बेंगळुरूला. काही वर्षांपूर्वी दक्षिण कोरियात चिकनची दुकानं इतकी होती, की अख्ख्या जगातली मॅकडोनल्ड्स मोजली तरी कमी पडायची. केंटकीतल्या लंडन गावी चिकन महोत्सवासाठी १० फूट ६ इंच व्यासाचं तळणीचं भांडं ठेवलंय. आणि जॉर्जियातल्या गेन्सव्हिल गावात १९६१ पासून फ्राइड चिकन काट्यानं खाणं बेकायदा! पब्लिसिटीसाठी केलेला नियम, पण आहे. आमच्या इंदापुरात असा कायदा लागतच नाही. काटा मागितला तर वेटर बाभळीकडं बघेल.

रेकॉर्डचा विषय निघालाय तर बारामतीचा सगळ्यात जबरदस्त रेकॉर्ड कोणाचा? कविवर्य मोरोपंतांचा (१७२९-१७९४). कऱ्हाकाठी राहून त्यांनी १०८ रामायणं रचली. त्यातलं एक निरोष्ठ रामायण, त्यात ओठ मिटून उच्चारायचं एकही अक्षर नाही! प, ब, म न वापरता दोन ओळी लिहून बघा, मग कळेल.

पालखी मार्गाचंही कॅलेंडर पाळा. आषाढात तुकोबांची पालखी याच रस्त्यानं जाते. काटेवाडीत धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीत पहिलं गोल रिंगण. त्या दिवसांत इकडं यायचं ते रिंगण डोळे भरून बघायला, फ्राय पुढच्या ट्रिपला. पुढं आषाढ अमावास्येला, म्हणजे गटारीला, चिकनच्या दुकानासमोर सकाळपासून रांगा. दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो, मागणी धप्पकन खाली आणि ब्रॉयलरचा भावही खाली. पोल्ट्रीवाला बॅच टाकताना म्हणूनच पंचांग बघतो!

इंदापूरहून परत फिरताना भिगवणला थांबा. उजनीच्या पाण्यात हिवाळ्यात रोहित येतात. हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब हंसही इथं उतरतात. हे पक्षी फक्त दुर्बिणीतून! ताटात मात्र मासे. चिलापी, मरळ, वाम. चिलापी मूळची आफ्रिकेची, इथं आता घरचीच झाली आहे. रवा लावून तव्यावर कुरकुरीत केलेली चिलापी खाल्ली की चिकनवाल्यांचं मत पाच मिनिटं डळमळतं. पाचच मिनिटं.

वार कुठला निवडाल? बुधवार, शुक्रवार, रविवार. सोमवार, गुरुवार, शनिवार अनेक घरांत नॉनव्हेज बंद. ज्या दिवशी गिऱ्हाईक जास्त, त्या दिवशी माल ताजा.

आणि ज्यांचं पोट अजून भरलं नाही त्यांच्यासाठी शेवटचं. इंदापूरहून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ सोलापूरला संपत नाही. तो हैदराबाद, विजयवाडा करत थेट बंगालच्या उपसागरावरच्या मच्छलीपट्टणमला पोचतो. म्हणजे याच डांबरावरून सरळ गेलात तर आंध्रची कोडी वेपुडू, आपल्या चिकन फ्रायची कढीपत्तेवाली बहीण, ताटात हजर. स्टिअरिंग कोणाकडं आहे?