शेवटचं कधी खाल्लं होतं?

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी साडेसातला दवाखान्याच्या शटरवर कोणीतरी थापा मारत होतं. उघडलं तर एक बाई अनवाणी उभ्या, हातात टॉवेलात गुंडाळलेलं पोमेरेनियनचं पिल्लू. वय सात आठवडे, वजन पाऊण किलोसुद्धा नाही. मान मागे ताठ झालेली, जबडा कटकट वाजतोय, चारही पाय सायकल मारल्यासारखे हलतायत. ‘डॉक्टर, याला फीट आलीय, पटकन इंजेक्शन द्या.’

मी विचारलं, ‘शेवटचं कधी खाल्लं होतं?’

‘काल दुपारी. संध्याकाळी फटाके सुरू झाले तसं पलंगाखाली जाऊन बसलं ते बाहेरच येईना.’

कानाच्या कडेला सुई टोचून रक्ताचा एक थेंब काढला आणि माणसांची साखर मोजतो त्याच ग्लुकोमीटरला लावला. आकडा आला 31. निरोगी पिल्लाची साखर साधारण 80 ते 120च्या दरम्यान असते. ती 60च्या खाली गेली की आम्ही सावध होतो, आणि 40च्याही खाली गेली की मेंदूला चालायला इंधनच उरत नाही. पायाच्या शिरेतून पातळ केलेलं ग्लुकोज हळूहळू सोडलं. पाचएक मिनिटांत पिल्लानं डोकं उचललं आणि थोड्या वेळानं वाटीतली खिमट चाटायला लागलं. फिटीचं औषध एक थेंबही लागलं नाही.

ताप हे जसं लक्षण, तशीच फीट. मेंदूतल्या पेशी ताळतंत्र सोडून एकाच वेळी विजेचे इशारे सोडू लागतात आणि शरीर झटके देतं. त्या अशा का बिथरल्या, हे शोधणं हेच खरं काम. मोठ्या कुत्र्याला वयाच्या सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंत पहिली फीट आली, तर बहुधा आनुवंशिक मिरगीचा संशय घेतात. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला ‘मिरगी आहे’ म्हणून मोकळं होता येत नाही. तिथे बहुतेक वेळा मागे काहीतरी कारण दडलेलं असतं आणि पुष्कळदा ते दुरुस्त होण्यासारखं असतं.

साखरेचंच घ्या. एवढ्याशा पिल्लाचं यकृत इवलंसं. त्यात साखरेचा साठा काही तासांपुरताच, अंगावर चरबी नाही, स्नायू नाहीत. लॅब्रॅडॉरचं पिल्लू एक जेवण चुकलं तर केकाटतं, पण निभावून नेतं. पोमेरेनियन, चिहुआहुआ, यॉर्कशायर टेरियर यांना ते झेपत नाही. ‘गाडीत घाण करील’ म्हणून उपाशी ठेवून रात्रभर बसनं आणलेली पिल्लं मी दर दिवाळीत पाहतो. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला 2017च्या केंद्रीय नियमांनी मनाई आहे, तरी सहा आठवड्यांची पिल्लं सर्रास हातात ठेवली जातात, आईचं दूध तुटून जेमतेम चार दिवस झालेली. अशा पिल्लाला दिवसातून चार वेळा खायला हवं, आणि शेवटचं खाणं आपण झोपायच्या आधी. ते मलूल झालं, धडपडत चालू लागलं, तर बोटाला मध किंवा साखरेचा पाक घेऊन हिरड्यांना चोळा आणि दवाखाना गाठा. झटके चालू असताना मात्र तोंडात काहीही ओतू नका. ते फुप्फुसात जातं.

‘जंतांमुळे फीट येते’ असं जुनी माणसं म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण ते आडून. गोल जंत पिल्लाला आईच्या पोटातच लागतात. पोट नगाऱ्यासारखं फुगतं, बरगड्या दिसतात, खाल्लेलं अंगी लागत नाही, आणि एका उपाशी रात्रीत साखर कोसळते. म्हणून जंतांचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून, दर पंधरा दिवसांनी.

इथे एक दिलासाही देतो. गाढ झोपेत पिल्लांचे पाय उडतात, मिशा थरथरतात, बारीक भुंकणंही ऐकू येतं. हाक मारली की जागं होऊन शेपूट हलवत असेल, तर ते स्वप्न होतं. फिटीतलं पिल्लू हाकेला ओ देत नाही, पुष्कळदा लघवी-शी करतं, आणि नंतर बराच वेळ आंधळ्यासारखं भिंतींना धडकत फिरतं. शंका असेल तर मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा. शंभर शब्दांच्या वर्णनापेक्षा मला तो जास्त सांगतो.

आणि कांदा बाजूला ठेवा. चप्पलही. दोन्ही नाकाशी धरल्यानं काही होत नाही. बहुतेक फिटी एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात आणि श्रेय कांद्याला मिळतं. जीभ गिळली जाईल या भीतीनं दातांत चमचा घालू नका. कुत्रं जीभ गिळत नाही, पण तुमचं बोट मात्र तोडू शकतं. जिन्यापासून, पाण्याच्या टाकीपासून त्याला दूर सरकवा, पंखा लावा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटं उलटली, किंवा दिवसभरात दुसरी फीट आली, तर तसंच उचलून निघा.

आता ज्याच्यामुळे माझी सर्वाधिक पिल्लं गेली, त्या डिस्टेंपरबद्दल. हा विषाणू गोवराच्या विषाणूचा सख्खा भाऊबंद. आधी डोळ्यांत चिपडं, नाकातून घट्ट शेंबूड, ताप, जुलाब. आठवडाभरात पिल्लू सावरतं, खायला लागतं, घरचे सुटकेचा श्वास टाकतात. आणि दोन-तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी ते च्युइंगम चघळल्यासारखा जबडा हलवू लागतं, तोंडाला फेस येतो. तोवर विषाणू मेंदूत पोचलेला असतो. त्याला मारणारं खात्रीचं औषध आजही नाही. आम्ही झटके आवरतो, सलाईन लावतो, शुश्रूषा करतो, आणि तरीही पुष्कळ पिल्लं हातातून जातात. 2018च्या सप्टेंबरात गीरच्या दलखाणिया भागात काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह दगावले. त्यांतल्या काहींमध्ये हाच विषाणू सापडला होता.

दिवाळी अंकाच्या वाचकांना एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. या रोगाच्या लशीमागे एक नियतकालिक उभं होतं. 1920च्या दशकात ब्रिटनमधल्या ‘द फील्ड’नं आपल्या वाचकांकडून डिस्टेंपरसाठी निधी गोळा केला. त्यातून लेडलॉ आणि डंकिन या दोघांनी फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यांवर काम करून लस सिद्ध केली. पुढे 1933 मध्ये फेरेटवरच्या याच अनुभवाच्या आधारे लेडलॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या फ्लूचा विषाणू वेगळा केला. कुत्र्यांसाठी दिलेली वर्गणी माणसांच्याही कामी आली.

लस आहे, तरी पिल्लं का मरतात? कारण एक टोचून लोक थांबतात. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या रक्तात काही आठवडे टिकते आणि तीच लशीला निकामी करते. ती नेमकी कधी ओसरेल, हे प्रत्येक पिल्लागणिक वेगळं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करून दर तीन-चार आठवड्यांनी, वय सोळा आठवडे होईपर्यंत टोचत राहावं लागतं. माझ्या स्वतःच्या घरी आलेलं पहिलं पिल्लू ‘सगळी इंजेक्शनं झालीत’ असं सांगून मला देण्यात आलं होतं. कार्डावर तारीख होती, सहीसुद्धा होती. लशीच्या बाटलीवरचा स्टिकर तेवढा नव्हता. मी तेव्हा कॉलेजात होतो, मला ते कळलं नाही. चौदाव्या आठवड्यात ते गेलं. तेव्हापासून कोणाचंही कार्ड हातात आलं की मी आधी स्टिकर शोधतो.

माझ्या त्या पहिल्या प्रश्नाला कधी अगदी उलट उत्तर मिळतं. ‘आत्ताच, तासाभरापूर्वी. चिकन खाल्लं पोटभर.’ आणि त्यानंतरच पिल्लू गुंगल्यासारखं झालं, भिंतीला डोकं टेकून उभं राहिलं, लाळ गाळू लागलं, मग झटके. भावंडांपेक्षा खुरटलेलंही असतं. अशा वेळी मन यकृताकडे जातं. आतड्यातून येणारं रक्त गाळून पुढे पाठवणं हे यकृताचं काम. काही पिल्लांत जन्मतःच एखादी आडवाटेची शीर यकृताला वगळून ते रक्त थेट पुढे नेते. मांस पचताना तयार झालेला अमोनिया तसाच मेंदूपर्यंत जातो. जेवणाआधी आणि नंतर रक्तातली पित्ताम्लं तपासली, सोनोग्राफी केली की हे बहुधा उलगडतं. आहार बदलून, औषधांनी आणि काहींना शस्त्रक्रियेनं आराम पडतो. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयांच्या दवाखान्यांत अशी अवघड पिल्लं जरूर न्यावीत.

चिहुआहुआसारख्या जातींत फीट आलेल्या पिल्लाचं डोकं घुमटासारखं, टाळू न भरलेली आणि डोळे खाली-बाहेर वळलेले दिसले, तर मेंदूत पाणी साठल्याची शंका घ्यावी लागते.

मग विषं. पिल्लू जगाची ओळख तोंडानं करून घेतं. उंदरांसाठी ठेवलेली काळी पूड, म्हणजे झिंक फॉस्फाइड. शुगर-फ्री च्युइंगमातलं झायलिटॉल, जे कुत्र्याची साखर तासाभरात पाडतं. 2022 मध्ये लातूर, बीड, धाराशिवकडे सोयाबीनवर गोगलगायी तुटून पडल्या, तेव्हा मेटाल्डिहाइडच्या गोळ्या रानोरान पोचल्या. त्या कुत्र्यांना चवीनं खाव्याशा वाटतात आणि अंग थडथडायला लागतं. पण सगळ्यांत वाईट वाटतं ते मायेपोटी केलेल्या विषबाधेचं. गुरांच्या गोचिडांचं औषध अंदाजानं पाण्यात कालवून पिल्लाला आंघोळ घालतात. खरजेसाठी मेडिकलमधून आयव्हरमेक्टिन आणून टोचतात. कोली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांत एका जनुकातल्या दोषामुळे ते मेंदूत घुसतं, आणि मात्रा चुकली तर कुठल्याही पिल्लाला ते महागात पडतं. असं काही झालं असेल तर डब्बा, बाटली, पाकीट सोबत आणा. मी रागावत नाही.

रेबीजबद्दल मात्र मी आवाज चढवतो. तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला रेबीज होत नाही, हा समज चुकीचा आहे. रस्त्यावरून मुलांनी उचलून आणलेलं, आईचा-लशीचा पत्ता नसलेलं पिल्लू लाळ गाळत असेल, चावत सुटलं असेल, झटके देत असेल, तर उघड्या हातानं शिवू नका. चावलं, ओरखडलं, जखमेवर लाळ लागली, तर साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा. पिल्लू जगतं की मरतं याची वाट पाहत घरी बसू नका.

आमच्या गल्लीतल्या एका रिक्षावाल्या काकांचा मोती सात वर्षांपूर्वी डिस्टेंपरमधून वाचला. फिटी थांबल्या, पण उजवा पुढचा पाय तेव्हापासून दर सेकंदाला उडतो, झोपेतसुद्धा. काका रात्री त्या पायावर हात ठेवून झोपतात. गेल्या महिन्यात ते नवीन पिल्लू घेऊन आले, आठ आठवड्यांचं, गावठी, काळं कुळकुळीत. मोती पायरीवर बसून होता, पाय आपल्या ठेक्यात उडत होता. मी लस टोचली, तारीख घातली. काकांनी कार्ड उजेडाकडे धरलं आणि विचारलं, ‘डॉक्टर, स्टिकर लावला ना?’ मी लावला होता. त्यांनी बोट फिरवून पाहिला, आणि पुन्हा विचारलं, ‘पुढची तारीख कुठली?’