अंबाजोगाईतून निघालेली पुस्तिका

शेतकरी आत्महत्येची बातमी येते तेव्हा तिच्यासोबत येणारी कारणं मराठवाड्यातल्या वाचकाला पाठ झालेली आहेत. नापिकी, सावकाराचं कर्ज, मुलीचं लग्न. बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईचे ज्येष्ठ पत्रकार अमर हबीब यांनी या कारणांच्या मागे जाऊन एक वेगळंच उत्तर मांडलं: कायदे. कमाल जमीनधारणेचा कायदा, 1955 चा आवश्यक वस्तू कायदा आणि जमीन अधिग्रहणाचा कायदा, या तिन्ही कायद्यांनी शेतकऱ्याचे हात बांधलेत, असं त्यांचं म्हणणं. ते त्यांनी ‘शेतकरीविरोधी कायदे’ या छोट्या पुस्तिकेत लिहिलं. पुण्या-मुंबईच्या एखाद्या मोठ्या प्रकाशनाचं नाव तिच्यावर नाही. ती निघाली अंबाजोगाईच्याच परिसर प्रकाशनाच्या नावाने.

हबीब काही वकील नाहीत, अर्थशास्त्राचे प्राध्यापकही नाहीत. आणीबाणीत तुरुंगवास भोगलेला, पुढे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेत काम केलेला हा कार्यकर्ता-पत्रकार. मग कायद्यावर बोलण्याचा अधिकार त्यांना आला कुठून? तो पुस्तिकेतून आला. आज महाराष्ट्रात कमाल जमीनधारणेवर चर्चा निघाली की त्यांचं नाव निघतं, आणि त्यांचं मत न पटणारा माणूसही आधी त्यांच्या मुद्द्याला उत्तर देतो. शेतकऱ्यांच्या घरातून शिकून शहरात गेलेल्या मुलामुलींचं किसानपुत्र आंदोलन याच मांडणीवर उभं राहिलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी 19 मार्च 1986 रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. त्यांच्या स्मरणार्थ 2017 पासून दरवर्षी त्याच तारखेला ठिकठिकाणी अन्नत्याग होतो, आणि तिथे भाषणांत येणारा युक्तिवाद त्याच धर्तीचा असतो.

पुस्तिकेचं बळ कशात आहे, हे नीट पाहायला हवं. विषय किचकट. 1951 साली पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 31 ब आणि नववी अनुसूची आली, आणि त्या अनुसूचीत टाकलेल्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या मुद्द्यावर आव्हान देण्याची वाट बंद झाली, हे शेतकऱ्याला समजावून सांगायचं. त्याला सातबारा कळतो, अनुसूची कळत नाही. म्हणून सुरुवात त्याच्या बांधावरून करावी लागते: कोरडवाहू जमीन 54 एकरांच्या वर ठेवता येत नाही, बारमाही बागायत 18 एकरांच्या वर नाही, मग कारखानदाराला अशी मर्यादा का नाही? एवढा प्रश्न पडला की पुढचं कलम वाचायला माणूस आपण होऊन तयार होतो. मतभेदाला जागा आहेच. भूमिहीनांना जमीन मिळाली ती याच कायद्यामुळे, असं मानणारे अनेक आहेत. पण वाद घालायला समोर ठोस काहीतरी लागतं, आणि ते हबीब यांनी छापून ठेवलं. 2020 मध्ये केंद्राने तीन कृषी कायदे आणले, त्यातल्या एकाने आवश्यक वस्तू कायद्यालाच हात घातला आणि 2021 च्या अखेरीस ते तिन्ही मागे घेतले गेले. त्या काळात ‘आवश्यक वस्तू कायदा’ हा जो शब्द देशभर सगळ्यांच्या तोंडी आला, तो या पुस्तिकेच्या वाचकांना जुना झालेला होता.

अलीकडे डॉक्टर, वकील, गुंतवणूक सल्लागार, कृषी सल्लागार अशा सगळ्यांना एकच सल्ला मिळतो: एक पुस्तक काढा, लोक विश्वास ठेवतील. सल्ला चुकीचा नाही. आपल्या विषयावर शंभर पानं सलग लिहायची तर आपल्यालाच किती माहीत आहे ते उघडं पडतं आणि राहिलेलं शिकावं लागतं. मात्र या सल्ल्यामागे एक बाजार उभा राहिला आहे, आणि त्याची झळ जिल्ह्याच्या ठिकाणच्या माणसाला जास्त बसते.

महाविद्यालयांत हे सर्वांत ठळक दिसतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत प्राध्यापकांच्या बढतीच्या मोजणीत राष्ट्रीय प्रकाशकाकडून आलेल्या पुस्तकाला 10 गुण होते, आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला 12. हेतू चांगला होता, प्राध्यापकांनी लिहावं. प्रत्यक्षात ठरावीक रक्कम घेऊन आठ-पंधरा दिवसांत प्रबंधाचं पुस्तक करून देणारे निघाले. प्रती मोजक्या, संपादन नाही, मुद्रितं तपासलेली नाहीत, मुखपृष्ठावर आयएसबीएन मात्र ठळक. तो क्रमांक म्हणजे जणू गुणवत्तेचा शिक्का, असा समज पसरला आहे. आयएसबीएन हा पुस्तकाची ओळख पटवणारा 13 आकडी क्रमांक आहे, याहून काही नाही. भारतात तो दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था देते. लेखक स्वतः प्रकाशक असेल तरी अर्ज करू शकतो, आणि त्यासाठी शुल्क नाही. तरीही ‘आयएसबीएनसह’ म्हणून त्याचे वेगळे पैसे घेतले जातात, आणि शिकलेली माणसं ते देतात.

करारनामाही असाच न वाचता सही होतो. स्वामित्वहक्क लेखकाचा असतो. तो लेखी दिल्याशिवाय दुसऱ्याकडे जात नाही, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायद्याने ती पाच वर्षांची धरली जाते. पदरचे पैसे घालून पुस्तक काढणाऱ्याने छपाईचा करार करावा, हक्क देऊन टाकू नये. 1954 च्या कायद्याप्रमाणे पुस्तक निघाल्यापासून 30 दिवसांत कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रकाशकाने स्वखर्चाने प्रत पाठवायची असते. हौशी प्रकाशक हे हमखास विसरतात. प्रत पाठवली की पन्नास वर्षांनी एखादा अभ्यासक ते पुस्तक मागू शकतो.

विश्वास कमावणारं पुस्तक कसं असतं, याचं एक उदाहरण बीडच्या हजारो मुलांच्या खोलीत सापडतं. स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याच्या पेठांत कॉट भाड्याने घेऊन राहणाऱ्या मुलांच्या उशाशी रंजन कोळंबे यांचं अर्थव्यवस्थेवरचं पुस्तक असतं. कोळंबे स्वतः शिकवतात आणि पुस्तकं निघतात त्यांच्या भगीरथ प्रकाशनाकडून. या क्षेत्रात वाचक फार कठोर असतो. लोकसेवा आयोगाची उत्तरतालिका आली की पुस्तकातलं विधान बरोबर होतं का चूक, हे त्याच दिवशी कळतं. चूक निघाली तर गावातून येणारी पुढची तुकडी दुसरं पुस्तक घेते. इतक्या थेट तपासणीला उभं राहणारं पुस्तक लेखकाला मोठं करतं, त्यावर प्रकाशकाचं नाव कोणतंही असो.

पदरमोड करून ग्रंथ उभा करण्याची मराठीतली परंपरा तशी दणकट आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आले, पण ज्ञानकोश छापायला कोणी सावकार पुढे आला नाही. त्यांनी नागपुरात ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार जमवले आणि 23 खंड पुरे केले. आजची ‘प्रकाशनपूर्व सवलत’ हे त्याच युक्तीचं लहान रूप. छोट्या लेखकाला तीच सगळ्यात सोयीची, कारण शंभर जणांनी आधी पैसे भरले तर कागदाचा खर्च निघतो आणि पुस्तक कुणाला हवं आहे तेही कळतं. त्याआधी महात्मा फुल्यांचा अनुभव पाहा. ‘शेतकऱ्याचा असूड’ त्यांनी 1883 साली लिहून पुरा केला. ‘दीनबंधू’ने पहिली दोन प्रकरणं छापली आणि पुढची छापण्याचं धाडस केलं नाही. फुले थांबले नाहीत. हस्तलिखितातली प्रकरणं त्यांनी गावोगाव लोकांना वाचून दाखवली, बडोद्यात सयाजीराव महाराजांनाही ऐकवली. छापण्याआधी ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांना वाचून दाखवणं, ही संपादनाची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खरी पद्धत आहे.

अंबाजोगाईला तर लिहिण्यासाठी कागदावरही अडून न राहिलेला माणूस होऊन गेला. सोळाव्या शतकातल्या दासोपंतांनी ‘पंचीकरण’ चक्क पासोडीवर लिहिलं. सुमारे 40 फूट लांब, 4 फूट रुंद कापड, त्यावर ओळीमागून ओळ आणि मध्ये आकृत्या. ती पासोडी अंबाजोगाईत जपलेली आहे. वेदान्तासारखा विषय समजावायचा तर तो एका नजरेत दिसला पाहिजे, हे त्यांना कळलं होतं.

आता छपाईच्या टेबलाशी येऊ. बीडमध्ये, परळीत, माजलगावात डीटीपी करणाऱ्यांची दुकानं आहेत आणि लग्नपत्रिकांच्या गर्दीत तिथे पुस्तकंही लागतात. पानांचा हिशेब फॉर्मवर चालतो. एक फॉर्म 16 पानांचा. म्हणून 83 पानांचा मजकूर 80 पानांत बसवावा किंवा 96 पर्यंत वाढवावा, नाहीतर कोऱ्या पानांचे पैसे भरावे लागतात. 64 पानांपर्यंत मधोमध पिन मारून भागतं. मजकूर अजूनही बऱ्याच ठिकाणी श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात जुळवतात. छपाईला ते चालतं, पण उद्या ई-पुस्तक करायचं म्हटलं की अक्षरं विस्कटतात. किंडलवर मराठी पुस्तकं 2016 च्या अखेरीस आली, त्याला बरीच वर्षं झाली. म्हणून सुरुवातीलाच युनिकोड फाईल मागून घ्यावी. मुद्रितं स्वतः तपासू नयेत. आपलीच चूक आपल्याला दिसत नाही. डॉक्टरने लिहिलेल्या पुस्तकात औषधाच्या मात्रेतला दशांशचिन्हाचा टिंब गेला, तर शुद्धिपत्र पोचेपर्यंत ते पान कुणीतरी वापरलेलं असतं.

आणि विषय? ते बीड जिल्ह्यात पावलोपावली आहेत. बालाघाटच्या खडकाळ उतारावरच्या बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फळ झाडावर असताना त्याचे ‘डोळे उघडतात’, खवल्यांमधल्या भेगा रुंद होऊन पिवळट पांढऱ्या दिसू लागतात, तेव्हा तोडायचं. तोडल्यावर दोन-तीन दिवसांत ते पिकून मऊ होतं आणि व्यापाऱ्याच्या हाती शेतकरी सापडतो तो याच दिवसांत. धारूरच्या एखाद्या बागायतदाराने आपल्या दहा हंगामांच्या तोडीच्या तारखा, पाऊस, मिळालेला भाव आणि वाया गेलेल्या पाट्या वहीत नोंदवल्या असतील, तर 64 पानांचं पुस्तक त्या वहीत तयार आहे. त्याची विक्री पहिल्या दिवसापासून कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर होईल.

दुसरा विषय अधिक निकडीचा. ऊसतोडणीला जाताना नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात आणि मुकादम त्या कोयत्यावर उचल देतो. उचल फिटली की नाही, हिशेब कसा मांडला, किती दिवस आजारपणाचे कापले, हे मजुराला क्वचितच कागदावर दिसतं. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात आगाऊ रकमेपोटी माणसाला बांधून ठेवण्याबद्दल काय म्हटलं आहे, उचलीची पावती कशी मागायची, फडावर बाळंतपण आलं तर जवळच्या दवाखान्यात काय सांगायचं, हे बीडच्या न्यायालयात रोज उभा राहणारा वकील आणि तालुक्याच्या दवाखान्यातली डॉक्टर मिळून लिहू शकतात. असं पुस्तक लिहिणाऱ्याचं नाव जिल्ह्यात कुणाला सांगावं लागणार नाही.

त्यासाठी अक्षर मोठं हवं, कारण घरात ते मोठ्याने वाचून दाखवणार आहे सातवी-आठवीतली पोरगी. पानं 32, म्हणजे दोन फॉर्म. आणि वेळ पाळायला हवी. पुस्तिका पोळ्यापर्यंत शिरूर कासार, पाटोदा, वडवणीच्या आठवडी बाजारात पोचली पाहिजे. दसरा झाला की ट्रक भरू लागतात, आणि ज्यांच्यासाठी ती छापली ती माणसं सांगली-कोल्हापूरकडे, नाहीतर कर्नाटकात फडावर गेलेली असतात.