अठ्ठेचाळीस आकड्यांची चावी



मागच्या महिन्यात माझा लॅपटॉप बंद पडला. दुकानात दिला. त्यांनी आतला मदरबोर्ड बदलला आणि परत दिला. घरी येऊन चालू केला तर निळा पडदा, आणि त्यावर बिटलॉकरची रिकव्हरी की मागितलेली. मी माझा नेहमीचा पासवर्ड घातला, हिब्रू कीबोर्ड असेल म्हणून इंग्रजी करून पाहिला. छे! त्याला ४८ आकडे पाहिजे होते.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, “फॉरमॅट करून देतो, नवा कोरा होईल.” फॉरमॅट म्हणजे सगळं पुसणं. त्या लॅपटॉपमध्ये आमच्या ह्यांचा आवाज होता. त्यांच्या शेवटच्या पेसाहला नातवाने रेकॉर्ड केलेला, १८७४ साली पुण्यात छापलेल्या मराठी हगादाच्या झेरॉक्सवरून वाचताना. दुसरीकडे कुठेच कॉपी नव्हती. चूक माझीच. दुकानदाराला मी म्हटलं, हात लावू नकोस.

आता मुलांसाठी सांगते. यिर्मया नबीच्या पुस्तकात “शेशख” नावाच्या देशाचा एक राजा येतो. तो देश नकाशात सापडणार नाही, कारण ते नाव बाबेलचं आहे, लपवलेलं. आलेफच्या जागी ताव, बेतच्या जागी शीन, अशी अक्षरं उलटवली की बेत-बेत-लामेदचे शीन-शीन-खाफ होतात. ज्याला रीत ठाऊक त्याला वाचता येतं. कॉम्प्युटर हेच करतो, पण त्याची रीत इतकी अवघड की चावीशिवाय कुणाला उलगडत नाही. विंडोज बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टलाही नवी चावी करून देता येत नाही.

ती चावी रोज सांभाळते मदरबोर्डवरची एक चिप, टीपीएम नावाची. आमच्या वॉर्डात मॉर्फिनच्या कपाटाची चावी सिस्टरच्या खिशात असायची तशी. मदरबोर्ड बदलला म्हणजे सिस्टरच बदलली. नवी सिस्टर म्हणते, मी तुम्हाला ओळखत नाही, दुसरी चावी आणा.

मी असलं कुलूप कधी लावलंच नव्हतं! पण पुष्कळ नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत शिरलं की ते आपोआप लागतं, आणि दुसरी चावी त्या खात्यात जाऊन बसते. खातं कुणाचं? ज्याने लॅपटॉप सुरू करून दिला त्या नातवाचं. तो सैन्यात. शुक्रवारी दुपारी फोन लागला. त्याच्या खात्यात दोन चाव्या निघाल्या, एक त्याच्या जुन्या कॉम्प्युटरची. माझ्या पडद्यावर की आयडी लिहिला होता, त्याची पहिली आठ अक्षरं जुळवून आम्ही बरोबर चावी निवडली.

तो हिब्रूत भराभर वाचत होता, मी मराठीत लिहीत होते. (पन्नास वर्षं इथे राहिले तरी आकडे मराठीतच येतात, काय करणार.) सहा-सहा आकड्यांचे आठ गट. मध्येच तो म्हणाला, “साव्ता, प्रत्येक गटाला ११ ने भाग जातो हं,” आणि फोन ठेवला. ड्युटी होती. मी आकडे घातले. चुकीची की! पुन्हा घातले, पुन्हा तेच. त्याचा फोन बंद. मेणबत्त्या लावायची वेळ झाली.

रात्री झोप येईना. ११ ने भाग... शाळेत बाईंनी ११ ची कसोटी शिकवली होती. पहिला, तिसरा, पाचवा आकडा मिळवा, दुसरा, चौथा, सहावा मिळवा, वजाबाकी करा. ० किंवा ११ किंवा २२ उरले तर भाग जातो. शब्बाथात लिहायचं नाही, पण मनात वजाबाकी करायला कोणाची बंदी? सकाळी तो कागद नुसता समोर घेऊन बसले. सात गट बरोबर. तिसरा अडला.

खरे आकडे छापत नाही, चावी ती चावी. समजा २६४५३८ होता. २, ४, ३ मिळून ९. ६, ५, ८ मिळून १९. उरले १०. चूक! मग आठवलं, हिब्रूत सहा म्हणजे शेश, सात म्हणजे शेव्हा. फोनवर खरखर होती. गटात सहा एकच. त्याच्या जागी सात ठेवा: ७, ५, ८ मिळून २०, त्यातून ९ गेले, ११ उरले.

हब्दाला झाल्याबरोबर लॅपटॉप उघडला. आकड्यांची बटणं चालत नसतील तर वरची एफ१ ते एफ९ चालतात, शून्यासाठी एफ१०. माझी चालली. निळा पडदा गेला.

तुमच्याकडे विंडोज ११ असेल तर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते बघा. चालू असेल तर ४८ आकडे कागदावर छापून पेन्शनच्या कागदांबरोबर ठेवा, एक प्रत मुलाकडे किंवा मुलीकडे द्या. लॅपटॉपच्याच पिशवीत ठेवू नका! दुरुस्तीला देण्याआधी चावी हातात आहे ना ते पाहा. आणि फाइलींची कॉपी वेगळ्या डिस्कवर काढा. डिस्कच बिघडली तर चावी असून उपयोग नाही.

ह्यांचा आवाज त्याच रात्री ऐकला. मध्ये एकदा ते खोकतात, आणि मागून मी म्हणते, “पाणी प्या आधी.” धाकटी नात म्हणाली, “साव्ता, तू किती ओरडतेस त्यांना.”