फोन हरवला तरी धंदा थांबू नये: कोणती ओपन सोर्स अ‍ॅप घ्यायची?

शांती नगरमध्ये घरून केक, टिफिन किंवा ड्रेस मटेरियल विकायचं म्हटलं, की निम्मं दुकान फोनमध्येच असतं. ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर, जाहिरात इन्स्टाग्रामवर, बिलं जीमेलवर. आणि पासवर्ड सगळीकडे एकच! मीरा रोड स्टेशनच्या गर्दीत तो फोन गेला, तर?

ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कुणालाही तपासता येतो. त्यात चुका नसतातच असं नाही. 2014 मध्ये सापडलेला हार्टब्लीड दोष ओपन सोर्समधलाच, आणि तो दोन वर्षं कुणाला दिसला नव्हता. पण दार उघडं असल्याने तपासणी होऊ शकते, हा फायदा मोठा.

पासवर्ड ठेवायला दोन चांगले पर्याय आहेत. बिटवॉर्डनमध्ये पासवर्ड कुलूपबंद होऊन कंपनीच्या सर्व्हरवर राहतात, त्यामुळे नव्या फोनवर परत मिळतात. मोफत योजनेत कितीही पासवर्ड, कितीही फोन. कीपासडीएक्समध्ये सगळं आपल्याच फोनवरच्या एका फाइलमध्ये. कंपनी मध्ये नाही, पण फाइलची कॉपी दुसरीकडे ठेवली नसेल तर फोनबरोबर पासवर्डही गेले. नवीन धंदेवाल्याने बिटवॉर्डनच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत. बॅकअप नेमाने घेणारे फार थोडे असतात हो!

मात्र बिटवॉर्डनचा मास्टर पासवर्ड विसरलात तर कंपनीही तो काढून देऊ शकत नाही. शिवाय नव्या फोनवर उघडताना ते ईमेलवर कोड पाठवू शकतं. आता जीमेलचा पासवर्डच बिटवॉर्डनच्या आत असेल तर? किल्ली कपाटात आणि कपाट बंद! म्हणून मास्टर पासवर्ड, जीमेलचा पासवर्ड आणि गूगलचे बॅकअप कोड कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवा.

जीमेल, इन्स्टाग्रामला दुसरं कुलूप म्हणून अँड्रॉइडवर एजिस, आयफोनवर टूएफएएस. दर तीस सेकंदांनी बदलणारा कोड देतात, एसएमएसची गरज नाही. एजिसचा बॅकअपही फोनबाहेर ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपला मात्र हे चालत नाही. तिथे सेटिंगमध्ये सहा अंकी पिन लावा.

सिग्नल चांगलंच आहे, पण गिऱ्हाईक तिथे येणार नाही. सीएला कागदपत्रं पाठवायला वापरा.

ही सगळी अ‍ॅप प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरवरूनच घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल उघडूच नका, मग ती ई-चलनाच्या नावाने येवो की बँकेच्या. पैसे गेलेच, तर लगेच 1930 ला फोन करा.