आगाऊ पैसे गेले, छप्पर उघडंच राहिलं: घराचं काम ठेकेदाराला देण्यापूर्वी

मार्च महिन्यात घराची कौलं उतरली. वासे, रीपा, सगळं अंगणात रचून ठेवलं. ठेकेदार म्हणाला, "भाभी, इन्शाअल्लाह मे अखेरला स्लॅब पडतो. पावसाच्या आत तुम्ही तुमच्या घरात." घरधनी कुवैतला नोकरीला. घरात त्यांची पत्नी, सासूबाई आणि दोन मुलं. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस आला, तेव्हा त्या घरावर ताडपत्री होती, अंगणातल्या वाश्यांना बुरशी धरली होती आणि ठेकेदाराचा फोन बंद होता.

रत्नागिरी जिल्ह्यातलं हे कुटुंब आम्हाला भेटलं तेव्हा त्यांच्याकडे एक शाळेची वही होती. तिच्यात तारखा आणि रकमा लिहिलेल्या. एकूण काम 14 लाखांना ठरलं होतं. त्यातले 9 लाख 50 हजार अडीच महिन्यांत देऊन झाले होते. नंतर एका इंजिनिअरला बोलावून मोजमाप करून घेतलं. पाडकाम, कॉलम आणि चिऱ्याच्या अर्ध्या भिंती धरून काम भरलं 4 लाख 20 हजारांचं. म्हणजे 5 लाख 30 हजार रुपये कामाच्या पुढे निघून गेले होते. घरधन्याच्या किती महिन्यांची बचत ती, हे त्यांनी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

अशा तक्रारी आमच्याकडे वरचेवर येतात. मुंब्र्यातल्या एका कुटुंबाने बाथरूम नवं करून घेतलं. जुनी लादी फोडताना खालचा वॉटरप्रूफिंगचा थर निघाला, तो पुन्हा न करताच वर चकाचक टाईल बसवली गेली. दोन महिन्यांत खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या छतातून पाणी ठिबकायला लागलं, आणि आता भांडण ठेकेदाराशी नाही, शेजाऱ्याशी चाललंय. मीरा रोडला एका घरात किचनच्या ट्रॉल्या दुसऱ्या पावसाळ्यातच फुगल्या. कागदावर "चांगल्या क्वालिटीचं प्लाय" इतकंच लिहिलेलं होतं.

या सगळ्या घरांत एक गोष्ट सारखी दिसली. ठेकेदार परका नव्हता. कोणाच्या मामेभावाचा दोस्त, कोणाच्या मोहल्ल्यातला, कोणी जमातीत ओळखीचा. "आपलाच माणूस आहे, त्याच्याकडे कागद काय मागायचा?" हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं की पुढची कहाणी अंदाजाने कळते. खरं तर आगाऊ दिलेला पैसा ही एक प्रकारची उधारीच असते. काम व्हायचं आहे, पैसे देऊन झालेत. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा आणि साक्षीदार घ्या, हे सूरह बकरामधल्या 282 व्या आयतीत आलंय, आणि ती कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे. लिहिण्यात अविश्वास नाही, हे समजावून सांगायला आपल्याला दुसरीकडे कुठे जायला नको.

आता ठेकेदार असं का करतो ते पाहू. प्रत्येक वेळी तो पहिल्या दिवसापासून लबाड असतोच असं नाही. छोट्या ठेकेदाराकडे स्वतःचं भांडवल फार थोडं असतं. तुमच्या आगाऊ रकमेतून तो आधीच्या गिऱ्हाइकाचं अडकलेलं काम पुढे ढकलतो, सिमेंटवाल्याची जुनी बाकी देतो, मजुरांचा पगार करतो. तुमच्या कामासाठी मग पुढच्या गिऱ्हाइकाच्या आगाऊ पैशांची वाट पाहतो. नवीन कामं येत आहेत तोवर ही साखळी चालते. एखादं काम हातचं गेलं किंवा होळी, छठ, ईदला मजूर गावी गेले आणि महिनाभर परतलेच नाहीत, की साखळीच्या टोकाला जो उभा असतो त्याचं छप्पर उघडं राहतं. म्हणून "माणूस चांगला आहे का?" एवढंच विचारून भागत नाही. चांगला माणूससुद्धा तुमचा पैसा दुसऱ्याच्या भिंतीत घालतो.

त्यामुळे सगळं येऊन थांबतं एका गोष्टीवर: पैसा कामाच्या मागून चालला पाहिजे, पुढून नाही.

सुरुवातीला मजूर आणि थोडं सामान आणायला काही रक्कम द्यावी लागते, ते रास्त आहे. एकूण रकमेच्या दहा टक्क्यांच्या आसपास ठीक. ठेकेदार चाळीस-पन्नास टक्के मागत असेल तर तो आधीच अडचणीत आहे असं समजावं. पुढचे हप्ते तारखेप्रमाणे ठरवू नयेत. "एक तारखेला दोन लाख, पंधराला दोन लाख" असं ठरलं की काम झालं नाही तरी तारीख येतेच. हप्ता टप्प्याला बांधावा: पाया आणि प्लिंथ झाल्यावर अमुक, कॉलम-भिंती उभ्या राहिल्यावर अमुक, स्लॅब भरल्यावर अमुक, गिलावा झाल्यावर अमुक. आणि शेवटचे पाच ते दहा टक्के हातात ठेवावेत. शक्य असेल तर एक पावसाळा जाईपर्यंत. कोकणात याला पर्याय नाही. गळती कोरड्या मे महिन्यात दिसत नाही.

ठेका कसा द्यायचा, यावरही बरंच अवलंबून आहे. 'लेबर रेट'ने दिला तर सिमेंट, सळई, वाळू, टाईल तुम्ही आणायची आणि तो फक्त मजुरी घेणार. यात पैसा बराचसा तुमच्या हातात राहतो, पण घरात कोणी तरी रोज लक्ष घालणारं पाहिजे. माल कमी पडला की काम बंद, आणि दोष तुमच्यावर. 'मटेरियलसह' दिला तर डोक्याला ताप कमी, पण मालात कुठे हात मारला ते कळत नाही. ज्यांच्या घरचा कर्ता आखातात आहे अशांना आम्ही मधला मार्ग सुचवतो. सिमेंट, सळई, प्लाय, नळाचे पाईप या मोठ्या वस्तूंचे पैसे थेट दुकानदाराच्या खात्यात पाठवायचे आणि बिल आपल्या नावाचं घ्यायचं. ठेकेदाराला फक्त बाकीचं. प्रामाणिक ठेकेदार याला सहसा हरकत घेत नाही, उलट त्याची उधारी वाचते.

अंदाजपत्रकात 'चांगलं', 'फर्स्ट क्लास', 'कंपनीचं' हे शब्द बिनकामाचे असतात. किचन आणि बाथरूमच्या जवळ प्लाय लावायचं असेल तर आयएस 710 लिहून घ्या. ते पाण्यात टिकणारं मरीन प्लाय. आयएस 303 हे सर्वसाधारण वापराचं, आणि त्यातलं ओलाव्यापुरतं टिकणारं प्लाय बेडरूमच्या कपाटाला चालतं. नंबर आणि आयएसआयचा शिक्का शीटवर छापलेला असतो, तो कापण्याआधी बघायचा. वायरिंगला तारेची जाडी लिहा. दिवे-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटर चालते, गीझर आणि एसीला ती चालत नाही, जाड तार लागते. बाथरूममध्ये वॉटरप्रूफिंग झाल्यावर, टाईल बसवण्याआधी, आउटलेट बंद करून दोन दिवस पाणी साठवून ठेवायचं आणि खालच्या छताला जाऊन पाहायचं, हीसुद्धा कागदावरची अट असू द्या. मुंब्र्याच्या त्या घरात एवढं एक केलं असतं तर शेजारी अजून बोलत असता. स्लॅबला आणि गिलाव्याला पाणी कोण मारणार, हेही लिहा. हसू येईल, पण आम्ही पाहिलेल्या निम्म्या वादांत ठेकेदार म्हणतो पाणी मालकाने मारायचं होतं आणि मालक म्हणतो ठेकेदाराने. सिमेंटच्या प्रकारानुसार किमान सात ते दहा दिवस काँक्रीट ओलं ठेवावं लागतं.

फ्लॅटमध्ये काम असेल तर सोसायटीला आधी लेखी कळवा, परवानगी घ्या. डेब्रिज कुठे टाकणार आणि त्याचे पैसे कोण देणार, तेही ठरवा. आणि "हा पिलर थोडा तासून घेऊ, जागा वाढेल" असं कोणी म्हणालं तर काम तिथेच थांबवा. कॉलम आणि बीम हे फक्त तुमचे नसतात, वरच्या-खालच्या सगळ्यांचे असतात.

मधेच वाढणारं काम हा आणखी एक खड्डा. भिंत फोडल्यावर आत कुजलेला पाईप निघतो, मग सासूबाई म्हणतात आता मोरीपण करून घेऊ. हे सगळं तोंडी ठरतं आणि शेवटी ठेकेदार 'एक्स्ट्रा'चं बिल ठेवतो. इथे त्याचंही चुकत नाही, काम तर त्याने केलेलं असतं. जास्तीचं काम निघालं की त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर काम आणि रक्कम लिहून पाठवायची, त्याच्याकडून 'ओके' घ्यायचं, मगच हातोडा.

रोख पैशांबद्दल एक. "बिल नको, जीएसटी वाचेल" ही सूचना गोड लागते. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर बहुतेकांना जीएसटी नोंदणी लागतही नाही, पण साधी पावती द्यायला त्याला कोणीच अडवलेलं नाही. एका व्यवहारापोटी 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने मना आहे, दंड घेणाऱ्याला होतो. बँकेतून गेलेला रुपया स्वतःच साक्षीदार असतो. रत्नागिरीच्या त्या वहीतल्या साडेनऊ लाखांपैकी 3 लाख रोख होते आणि त्यांची एकही सही नाही.

आणि काम बिघडलंच तर?

बहुतेक जण पहिल्यांदा पोलीस ठाण्यात जातात. तिथे उत्तर मिळतं, हा दिवाणी मामला आहे. राग येतो, पण त्यात थोडं तथ्य आहे. फसवणुकीचा गुन्हा, म्हणजे पूर्वीचं 420 आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 318, लागायला सुरुवातीपासूनच फसवण्याचा इरादा होता हे दाखवावं लागतं. खोटा पत्ता देऊन पैसे घेतले आणि एक वीटही लावली नाही, तिथे पोलिसांत जरूर जा. अर्धवट किंवा निकृष्ट काम असेल तर खरी जागा ग्राहक आयोग. काही जण महारेराचं नाव घेतात, पण तो कायदा मुळात बिल्डरच्या विक्रीच्या प्रकल्पांसाठी आहे. आपल्याच घराची दुरुस्ती त्यात बसत नाही.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी 'सेवे'त धरलेली आहे. दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंत फी काहीच नाही, 5 ते 10 लाखांना 200 रुपये. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ठेकेदार कुठलाही असो. वकील सक्तीचा नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. "करतो, करतो" ऐकत ती कधी निघून जाते कळत नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहायला हरकत नाही, पण तिथे समेटाचा प्रयत्न होतो, निकाल लागत नाही. आयोगातही तारखा पडतात, कायद्यात तीन महिने लिहिले असले तरी तेवढ्यात आटोपेल अशी आशा धरू नये.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. पाऊस तोंडावर असतो, घरात म्हातारी माणसं असतात, म्हणून लोक दुसरा ठेकेदार आणून काम पूर्ण करून घेतात. माणुसकीला धरून आहे, पण पहिल्याने काय केलं होतं त्याचा पुरावा दुसऱ्याच्या गिलाव्याखाली गाडला जातो. दुसऱ्याने हात लावण्याआधी तारखेसह फोटो आणि व्हिडिओ, स्वतंत्र इंजिनिअरचा मोजमापासह अहवाल आणि दोन शेजाऱ्यांच्या सहीचा पंचनामा करून घ्या. ठेकेदाराला पंधरा दिवसांची लेखी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा, पोहोच जपून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप चॅट रागाने डिलीट करू नका, फोन बदलला तरी जुना विकू नका.

परदेशात असणाऱ्यांनी करार करतानाच त्यात घरी राहणाऱ्या व्यक्तीचंही नाव घालावं. कायद्यात, ज्याच्या संमतीने दुसऱ्याने सेवा घेतली, तोच नाही तर ती सेवा वापरणाराही ग्राहक असतो. तरी नाव कागदावर असलं की आयोगापुढे पत्नीला उभं राहणं सोपं जातं, सुट्टीसाठी कफीलच्या विनवण्या कराव्या लागत नाहीत.

रत्नागिरीच्या कुटुंबाने हे उशिरा केलं, पण केलं. अहवाल आहे, बँकेतून गेलेल्या साडेसहा लाखांचा हिशेब आहे, नोटीस गेली आहे. रोखीच्या तीन लाखांसाठी वहीशिवाय काही नाही. जमातीतल्या दोन बुजुर्गांनी ठेकेदाराला समोर बसवलं, तेव्हा तो रडला आणि म्हणाला की त्याचेच दुसरीकडे पैसे अडकलेत. खोटं बोलत होता असं आम्हाला वाटलं नाही. बैठकीत त्याने दरमहा 25 हजार परत करण्याचं कबूल केलं, या वेळी कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी. पहिला हप्ता आला आहे. तो थांबला तर तक्रारीचा मसुदा तयार आहे. मुलं सध्या आजोळी राहून शाळेत जातात.

आमच्या स्वतःच्या घराचंही काम दोन वर्षांपूर्वी झालं. तेव्हा आम्ही 40 हजार रुपये पावसाळ्यानंतर द्यायचे म्हणून मागे ठेवले होते, आणि त्यावरून ठेकेदार महिनाभर नाराज होता. जुलैत जिन्याच्या टोपीखालून पाणी आलं. फोन केला, तो दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीला घेऊन हजर.