शके १८१५ की १८१६?

राजर्षी शाहू महाराजांचे राज्यारोहण २ एप्रिल १८९४ रोजी झाले. त्या दिवशी शके कोणते होते, असे विचारले तर बहुतेक जण इसवी सनातून ७८ वजा करतील आणि १८१६ म्हणतील. मीही तेच केले होते. आणि तेही एका आंतरराष्ट्रीय परिषदेला पाठवलेल्या निबंधात, ठळक उदाहरण म्हणून.

परिषद ‘सिमँटिक वेब’ या विषयाची होती. हे काय प्रकरण आहे ते आधी सांगतो. वेबवरचे पान माणसाने वाचावे म्हणून लिहिलेले असते. त्यात ‘शाहू महाराज’ असे आले, की ते १७०८ साली साताऱ्यास गादीवर बसलेले की कोल्हापूरचे, हे आपल्याला संदर्भाने कळते. यंत्राला ते कळत नाही; त्याच्या लेखी दोन्ही शाहू म्हणजे अक्षरांची एकच रांग. टिम बर्नर्स-ली यांनी दोन सहकाऱ्यांसह २००१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लेख लिहून यावरचा उपाय जगापुढे मांडला. प्रत्येक व्यक्तीला, गावाला, ग्रंथाला स्वतःचा कायमचा पत्ता द्यायचा आणि माहिती तीन तुकड्यांच्या विधानांत मांडायची: कोण, कोणता संबंध, कशाशी. ‘कोल्हापूरचे शाहू – राज्यारोहणाचा दिनांक – २ एप्रिल १८९४’ हे असे एक विधान. या मांडणीला आरडीएफ म्हणतात. या विषयाची मुख्य परिषद २००२ साली सार्डिनिया बेटावर सुरू झाली, आणि ती दरवर्षी भरते. माझा निबंध त्याच कुळातल्या दुसऱ्या एका परिषदेसाठी होता.

माझा विषय मोडी कागदांच्या सूचींमधला कालनिर्देश. आपल्या कागदांत शक असतो, फसली असते, शुहूर सन असतो. शकाचे वर्ष पाडव्याला बदलते, फसली आणि शुहूर मृगाला. यंत्राचा नेहमीचा दिनांक मात्र ग्रेगोरियन पंचांगाचा. विकिडेटासारख्या प्रचंड माहितीसाठ्यातही तारखेला ग्रेगोरियन आणि जुलियन अशी दोनच पंचांगे लावता येतात. २०१७ साली प्रमाण ठरलेल्या कालविषयक शब्दसंग्रहात इतर कालगणनांना जागा आहे, पण ती भरायची कशी हे ज्याचे त्याने ठरवायचे. तेवढे मी ठरवले होते.

निबंध पाठवण्याची रीत आपल्याकडच्या चर्चासत्रांहून वेगळी आहे. आपल्याकडे आधी बोलावणे येते, मग लेख लिहिला जातो. तिथे पूर्ण निबंध आधी. सारांश काही दिवस अगोदर द्यावा लागतो. पाने पंधराच्या आसपास, ठरलेल्या साच्यात. विभाग निवडतानाच निम्मे काम होते: नवा सिद्धांत एका विभागात, प्रत्यक्ष वापराचा अनुभव दुसऱ्यात, आणि इतरांना वापरता येईल असा माहितीसंच तिसऱ्यात. तिसऱ्यात संच उघडा ठेवावा लागतो, त्याचा पत्ता टिकाऊ लागतो, वापराचा परवाना लिहावा लागतो. ‘संस्था’ या रकान्यात काय लिहावे यावर मी दोन दिवस घालवले. शेवटी ‘स्वतंत्र संशोधक, कोल्हापूर’ लिहिले, चालते. काही विभागांत तर निबंधावर नावच घालायचे नसते, आणि विद्यापीठाचा शिक्का नसलेल्याला याहून मोठी सोय नाही. (निबंध स्वीकारला गेला तर एका लेखकाने नोंदणीशुल्क भरलेच पाहिजे, ही गैरसोय त्याच्या पाठोपाठ येते.)

मुदतीची एक गंमत. ती ‘पृथ्वीवर कुठेही’ या वेळेने मोजतात, म्हणजे जगात कुठेतरी तो दिवस शिल्लक असेपर्यंत. रात्री ११.५९ ची मुदत कोल्हापुरात दुसऱ्या दिवशी सायंकाळी ५.२९ ला संपते. दिवस नेमका कधी संपतो हे इतक्या काटेकोरपणे ठरवणाऱ्यांना मी वर्ष कधी संपते याबद्दल ढोबळ वजाबाकी पाठवली!

तीन परीक्षणे आली. दोघांनी इंग्रजीबद्दल लिहिले, ते खरेच होते. तिसऱ्याने विचारले, की वर्ष जिथे बदलते तिथल्या नोंदी तपासल्या का? त्या माणसाला पाडवा ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मी रागाने पंचांगाचे गणित काढून बसलो. ६ एप्रिल १८९४ ला अमावास्या होती. त्या दिवशी सूर्यग्रहणही झाले, त्यामुळे शंकेला जागा नाही. पाडवा ७ तारखेला. म्हणजे २ एप्रिलला फाल्गुन वद्य चालू होता आणि शके १८१५ होते. पाच दिवसांनी माझे उदाहरण चुकले होते.

पाडव्यापासून डिसेंबरअखेर ७८ वजा करायचे आणि जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९, हे मोडी शिकणाऱ्याला पहिल्या महिन्यात सांगतात. मलाही ठाऊक होते. पण हाताने एकच कागद लावताना आपण महिना बघतो. यंत्राला सूत्र लिहून दिले की ते हजार कागदांना न बघता लागते. माघ शके १८१५ चा कागद त्या सूत्राने १८९३ मध्ये पडतो आणि खऱ्या जागेपासून वर्षभर मागे जातो. उत्तराला प्रत्युत्तर अशी एक संधी असते, तिच्यात मी चूक कबूल केली. निबंध नाकारला गेला, आणि ते बरोबर झाले.

आता प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी ठेवतो: कागदावरचा मूळ कालनिर्देश जसाच्या तसा, त्याचा सर्वांत आधीचा संभाव्य दिवस आणि सर्वांत नंतरचा. नुसते ‘शके १८१६’ असेल तर पाडव्यापासून पुढच्या फाल्गुन अमावास्येपर्यंतचा सगळा काळ खुला राहतो. हे सूत्राने होत नाही, पंचांग घेऊनच बसावे लागते. फाल्गुनाच्या नोंदी संपल्या आहेत. माघ अर्धा झाला, पौष राहिला आहे.