बायपासनंतरचा ताप : शरीराची प्रतिक्रिया की जंतुसंसर्ग?

सेलू (जि. वर्धा) : सेलू तालुक्यातील हृदयरुग्णाला बायपास किंवा झडपेच्या शस्त्रक्रियेसाठी सावंगी (मेघे) किंवा नागपूर गाठावे लागते. साधारण आठवडाभराने सुटी होते आणि पुढची देखभाल घरच्यांच्या हाती येते. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, तरी ताप का येतो, अंगावर सूज का चढते, हे प्रश्न तेव्हा पडतात. त्यांचे उत्तर शरीराच्या प्रतिकारशक्तीत आहे.

शस्त्रक्रियेत नेमके काय घडते?

हृदय थांबवून केलेल्या शस्त्रक्रियेत रक्ताभिसरणाचे काम हार्ट-लंग मशीन करते. अमेरिकेत डॉ. जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी हे यंत्र वापरून पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. एरवी रक्ताचा संबंध फक्त रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराशी येतो. इथे ते प्लास्टिकच्या नळ्यांतून फिरते. शरीर या नळ्यांना परके समजते. रक्तातील ‘कॉम्प्लिमेंट’ प्रथिने काही मिनिटांतच जागी होतात, पांढऱ्या पेशी चवताळतात आणि इंटरल्युकिन-६ सारखी दाह वाढवणारी रसायने वाढतात. थांबवलेल्या हृदयाला पुन्हा रक्त मिळाले की त्यात आणखी भर पडते.

या दाहामुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या पाझरू लागतात. म्हणून अंगावर सूज येते, वजन वाढते, फुप्फुसांत पाणी साचून धाप लागू शकते. पायातून शीर काढली असेल, तर त्या पायावर सूज अधिक असते. रक्तातील सीआरपी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक वाढते. याच काळात काहींच्या हृदयाचे ठोके अनियमित होतात. त्यामागेही दाह हे एक कारण आहे. यंत्राशिवाय, धडधडत्या हृदयावर बायपास केली तर ही प्रतिक्रिया कमी होते, पण टळत नाही. कारण छातीला छेद द्यावाच लागतो.

दाह औषधाने दाबता येत नाही का?

तसा प्रयत्न झाला. स्टेरॉइड देऊन पाहणारे दोन मोठे अभ्यास २०१२ आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्यात सुमारे ४,५००, तर दुसऱ्यात सुमारे ७,५०० रुग्ण होते. मृत्यू आणि मोठ्या गुंतागुंती यांत अपेक्षित घट दिसली नाही. शिवाय जखम भरण्याची सुरुवातही दाहातूनच होते.

मग धोका कधी?

दाहाचा जोर ओसरताना शरीर स्वतःच त्याला लगाम घालते. त्यामुळे काही काळ जंतूंशी लढण्याची ताकद मंदावते. मधुमेह असलेल्यांना हा धोका अधिक. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांतला सौम्य ताप बहुधा दाहाचा असतो. घरी आल्यावर नव्याने चढलेला ताप मात्र जंतुसंसर्ग नाही ना, हे तपासूनच घ्यावे.

काही रुग्णांत प्रतिकारशक्ती हृदयाच्या आवरणावरच उलटते. शस्त्रक्रियेनंतर आठवड्याने किंवा काही आठवड्यांनी ताप येतो, खोल श्वास घेताना छातीत दुखते, हृदयाभोवती पाणी साचते. त्यावर कोल्चिसिनसारखी औषधे आहेत, पण ती डॉक्टरांनीच ठरवायची.

घरच्यांनी काय पाहावे?

● ताप, थंडी वाजणे, जखमेतून पू किंवा पाणी येणे

● खोकताना छातीच्या हाडात ‘कट्’ असा आवाज किंवा हाड हलल्यासारखे वाटणे

● दोन-तीन दिवसांत झपाट्याने वाढलेले वजन, आडवे होताच लागणारी धाप

● छातीत धडधड, चक्कर

यातील काहीही दिसल्यास त्याच दिवशी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयाशी संपर्क साधावा. धाप किंवा चक्कर जास्त असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सोबत सुटीचा कागद आणि औषधांची यादी न्यावी.

मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक किंवा वेदनाशामक गोळ्या आणू नयेत. अर्धवट अँटिबायोटिकने संसर्ग झाकला जातो आणि निदान लांबते. काही वेदनाशामकांनी मूत्रपिंडाला इजा होते; रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर रक्तस्रावाचीही भीती असते. साखर आटोक्यात ठेवणे, बिडी-खर्रा पूर्ण बंद करणे, रोज सकाळी वजन व ताप वहीत लिहिणे, एवढे घरी करता येते. पुढच्या तपासणीला ही वही डॉक्टरांना दाखवावी.